आई किंवा बाबा गंभीर आजारी असताना: रुग्णालयातले समाजसेवक मुलांसाठी नेमकं काय करतात

रुग्णालयाच्या केसपेपरवर वय असतं, पत्ता असतो, रक्तगट असतो. रुग्णाच्या घरी लहान मुलं आहेत का, किती वर्षांची, आणि आत्ता ती कुणाजवळ आहेत, हे सहसा नसतं. चौतीस वर्षांच्या बाईला स्तनाचा कर्करोग झाला की केमोच्या फेऱ्या, शस्त्रक्रिया, रेडिएशन असा काही महिन्यांचा आराखडा तयार होतो. तिचा धाकटा साडेबाराला बालवाडीतून सुटतो आणि त्याला आणायला तिच्याशिवाय कुणी नाही, ही गोष्ट त्या आराखड्यात कुठेच येत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीला ती येत नाही आणि फाइलवर शेरा पडतो: ‘उपचार अर्धवट सोडले’.

अशा वेळी कामाला येतो तो वैद्यकीय समाजसेवक. भारतात या कामासाठी पहिली नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटा संस्था त्याच शहरात दहा वर्षं आधी, १९३६ला सुरू झाली होती. आज सरकारी रुग्णालयात दारावर ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी दिसते, मोठ्या कर्करोग रुग्णालयांत स्वतंत्र विभाग असतो, धर्मादाय रुग्णालयांतही समाजसेवक असतात. लोक त्यांना ‘पैशाची मदत मिळवून देणाऱ्या मॅडम’ म्हणून ओळखतात. पैसा हा त्यांच्या कामाचा एक भाग. घरात लहान मुलं असतील तर तो निम्मासुद्धा नसतो.

त्यांना भेटायचं ते निदान झालं त्याच आठवड्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट पाहायची गरज नाही, नातेवाईक थेट जाऊ शकतात. घाई एवढ्यासाठी की रुग्ण बोलू शकतो, सही करू शकतो, बँकेत तासभर बसू शकतो तोवर ज्या गोष्टी आठ दिवसांत होतात, त्याच नंतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवूनही धड होत नाहीत.

मुलाचे चोवीस तास

चांगला समाजसेवक पहिल्या भेटीत ‘घरी कोण कोण असतं?’ एवढ्यावर थांबत नाही. तो एका कागदावर प्रत्येक मुलाचा दिवस मांडतो. सकाळी उठवतं कोण, आंघोळ कोण घालतं, डबा कोण भरतं, शाळेत कोण सोडतं, आणतं कोण, अभ्यासाला कोण बसवतं, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, रात्री कुणाच्या कुशीत झोपतं. शेजारी तीन रकाने: नेहमीचा दिवस, रुग्ण भरती असतानाचा दिवस, आणि केमोनंतरचे चार-पाच दिवस, जेव्हा आई घरात असते पण उठू शकत नाही. हा तिसरा रकाना सगळ्यात जास्त विसरला जातो. भरती असताना मावशी धावून येते. आई घरी आली की मावशीला वाटतं, आता आपलं काम संपलं.

‘शेजारच्या काकू बघतात’ हे उत्तर धरायचं नाही. कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, त्यांची स्वतःची धुणीभांड्याची कामं कधी असतात, त्या गावी गेल्या तर कोण, हे विचारायचं. उत्तर आलं नाही तर तो रकाना रिकामाच ठेवायचा. पुढचं सगळं काम त्या रिकाम्या रकान्यांचं.

हे रकाने आपोआप भरतात, आणि चुकीच्या माणसाने भरतात. बहुतेक घरांत ती थोरली मुलगी असते, दहा-अकरा वर्षांची. सुरुवातीला ‘किती समजूतदार आहे’ असं कौतुक होतं, तिमाही परीक्षेपर्यंत तिची हजेरी घसरलेली असते. तिने काहीच करू नये असं नाही. आईला पाणी देणं, धाकट्या बहिणीची वेणीफणी किंवा भावाचं दप्तर भरणं यातून मुलांना आपणही काही करतोय असं वाटतं आणि ते त्यांना हवंच असतं. पण रात्रीची जाग, जखमेची पट्टी, औषधांच्या वेळा, आईला संडासला नेणं या चार गोष्टी तिच्याकडे जाता कामा नयेत. समाजसेवक हे वडिलांना स्पष्ट शब्दांत सांगतात, कारण सूचकपणे सांगितलेलं इथे कुणाला ऐकू येत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मुलांची वाटणी. थोरला आत्याकडे, धाकटी मामाकडे. हेतू चांगला असतो, भार वाटून घ्यायचा असतो. पण आईपासून तुटलेल्या मुलाला त्या काळात भावंड हाच ओळखीचा उरलेला माणूस असतो. घर, शाळा आणि सोबत झोपणारं माणूस या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी टिकल्या पाहिजेत, असा आग्रह धरावा.

भेट एकाच वेळी सगळ्यांची घेऊन भागत नाही. रुग्ण एकटा, जोडीदार एकटा, मग दोघं एकत्र. सुनेला माहेरी ‘आरामाला’ पाठवायचं ठरलेलं असतं, ते तिला एकटीला विचारल्यावरच कळतं. माहेरी गेली की रेशनकार्ड एका जिल्ह्यात, रुग्णालय दुसऱ्या, मुलांची शाळा तिसऱ्याच गावात. घरात दारू किंवा मारहाण असेल तर तेही एकटं असतानाच बाहेर येतं. आणि निर्णय सासूबाई किंवा थोरले दीर घेणार असतील तर त्यांना बोलावून घ्यावं. त्यांच्या मागे केलेली योजना घराच्या उंबरठ्यावर मोडते.

खर्च: उपचाराचा आणि दुधाचा

उपचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात पहिलं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. ती आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे यादीतले उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत मोफत होतात. रुग्णालयात या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर शिधापत्रिका आणि आधार घेऊन जायचं. अडतं ते नावावर. आधारवर माहेरचं आडनाव, शिधापत्रिकेवर सासरचं. किंवा लग्नाला आठ वर्षं झाली तरी बाईचं नाव अजून वडिलांच्याच कार्डावर. हे दुरुस्त करायला तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात फेऱ्या मारण्यात आठवडे जातात, म्हणून पहिल्या दिवशी बाकी काही नाही तरी ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवून नावं अक्षर न् अक्षर जुळवून पाहावीत. मुलांची नावं कार्डावर चढली आहेत का तेही तेव्हाच पाहावं, पुढे लागणारच आहे.

खासगी धर्मादाय रुग्णालयात दाखल असाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आलेली योजना आहे: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. त्यासाठी रुग्णालयाला बिलाच्या उत्पन्नातले २ टक्के वेगळे ठेवावे लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज भरती होतानाच द्यायचा, बिल हातात आल्यावर नाही.

या सगळ्यातून रुग्णालयाचं बिल भागतं. दूध, भाडं, शाळेची रिक्षा, बचत गटाचा हप्ता यांतलं काहीच भागत नाही. उपचार मोफत असूनही ते अर्धवट सुटतात त्याचं कारण बरेचदा इथे असतं. त्यामुळे समाजसेवक महिन्याचा घरखर्च मांडून बसतात आणि उत्पन्न कुठून टिकवता येईल ते पाहतात.

नोकरी असेल तर एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी: राजीनामा देऊ नका. अशक्तपणाने कामावर जाता येत नाही, मालक कुरकुरतो, म्हणून लोक स्वतःहून नोकरी सोडतात आणि तीन आधार एका सहीने घालवतात. राज्य कामगार विम्याखाली (ईएसआय), म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगारावर, आजारपणात ९१ दिवस सरासरी वेतनाच्या ७० टक्के मिळतात. कर्करोगासारख्या यादीतल्या दीर्घ आजारांना, पुरेशी सेवा झालेली असेल तर, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेला विमा मृत्यू नोकरीत असताना झाला तरच मिळतो आणि त्याची कमाल रक्कम ७ लाख आहे. दोन लहान मुलं मागे असलेल्या घराला हा फरक किती, हे वेगळं सांगायला नको.

असंघटित कामगाराकडे यातलं काही नसतं. त्याच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोग, क्षयरोग, एड्स यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणाऱ्यांना महिना १,५०० रुपये आहेत, पण वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. महिन्याला पावणेदोन हजारात कोणतं कुटुंब जगतं, हा प्रश्न अनेक वर्षं लोंबकळतो आहे. तरी ज्यांचं बसतं त्यांनी तहसील कार्यालयात अर्ज जरूर करावा.

बाहेरगावहून मुंबईला येणाऱ्यांसाठी रेल्वेची सवलत मोठी आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के माफ. ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयातून घ्यायचं. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी ठिकाणं, पण रुग्णासोबत लहान मुलांना ठेवता येईल का आणि किती दिवस, हे आधी विचारूनच निघावं. धर्मशाळेत पोहोचल्यावर मुलाला जागा नाही असं कळलं की एक पालक त्याला घेऊन फलाटावर रात्र काढतो.

जवळ घ्यायचं की नाही

मुलांना सगळ्यात जास्त दुखावणाऱ्या गोष्टी गैरसमजातून होतात. ‘आईजवळ जाऊ नको, तिला कॅन्सर आहे’ असं आजी सांगते आणि चार वर्षांच्या मुलीला आई अचानक परकी होते. कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. बाहेरून मशिनने दिलेल्या रेडिएशननंतर रुग्णाच्या अंगातून किरण निघत नाहीत, त्याच संध्याकाळी मूल मांडीवर बसू शकतं. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल तर मात्र काही दिवस मुलांपासून अंतर लागतं. किती दिवस आणि किती अंतर, हे रुग्णालय लेखी देतं. पेट स्कॅन म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून केलेली तपासणी, त्या दिवशीही काही तास बाळाला कडेवर घेऊ नये. केमो चालू असताना अंगावर पाजायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं, बहुतेक औषधांत ते बंद करावं लागतं. ते अचानक तोडण्यापेक्षा आठवडाभर आधी वाटी-चमच्याची सवय लावणं बाळाला सोपं जातं.

खरा धोका उलट दिशेने असतो, मुलाकडून आईला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. शाळेतून सर्दी, कांजिण्या घेऊन आलेलं मूल तेव्हा वेगळ्या खोलीत झोपवावं. एकाच खोलीचं घर असेल तर निदान शेजाऱ्यांकडे. बाळाच्या लसीची तारीख आली की आधी आईच्या डॉक्टरांना सांगावं, कारण तोंडावाटे देण्याच्या पोलिओसारख्या काही लसी जिवंत विषाणूच्या असतात. पण स्वतःच्या मनाने लस चुकवू नये. केमोनंतरचे दोन दिवस रुग्णाने वापरलेल्या संडासात दोनदा पाणी सोडावं, ओकारीची बादली मुलांनी उचलू नये. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. त्या रात्री मुलांजवळ कोण राहणार, त्याचं नाव आणि नंबर दारामागे लिहून ठेवलेला असावा.

सांगायचं कसं

‘मुलांना यात कशाला ओढायचं’ हे बहुतेक घरांचं पहिलं मत असतं. हेतू मायेचाच असतो. अडचण अशी की मुलं काहीच कळत नसल्यासारखी दिसतात आणि सगळं ऐकतात. दारामागून ऐकलेलं अर्धवट असतं, आणि उरलेलं अर्धं मूल स्वतः रचतं. तीन ते सहा वर्षांचं मूल जवळजवळ नेहमी त्यात स्वतःला दोषी ठरवतं: मी त्रास दिला, मी दूध सांडलं, म्हणून आई आजारी पडली.

सांगण्याचं काम शक्यतो आई-बाबांनीच करावं. समाजसेवक त्यांच्याकडून ते वाक्य-वाक्य करून घेतात, एकदा-दोनदा म्हणून दाखवायला लावतात, कारण ऐनवेळी गळा दाटतो. वेळ सुट्टीच्या दिवसाची सकाळ. झोपायच्या वेळी कधीच नाही. पाच-दहा मिनिटं पुरतात. पाच वर्षांच्या मुलाला असं: “आईच्या छातीत एक आजार झालाय. त्याचं नाव कॅन्सर. तो सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला होत नाही. तू काही केलंस म्हणून झालेला नाही. डॉक्टर मोठं औषध देणार आहेत, त्याने आईचे केस गळतील आणि ती खूप दमेल. तेव्हा तुला शाळेतून मावशी आणेल.” आजाराचं नाव, तुझ्यामुळे नाही, तुला होणार नाही, तुझ्याकडे कोण बघणार. या चार गोष्टी आल्या की बाकी प्रश्नांवर सोडावं. ऐकून झाल्यावर मूल ‘मी खेळायला जाऊ?’ म्हणालं तर त्याला काही वाटलंच नाही असं नव्हे. लहान मुलं एवढंच एका वेळी पेलतात, दोन दिवसांनी भाजी निवडताना मध्येच विचारतात. तेव्हा पुन्हा तेच उत्तर त्याच शब्दांत द्यायचं.

केस गळणार हे गळण्याआधी सांगावं. रुमाल किंवा टोपी मुलांना निवडू द्यावी.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला शब्द कळत नाहीत, बदललेला वास आणि बदललेले हात कळतात. त्याच्यासाठी आईची जुनी ओढणी आणि ठरलेली एकच सांभाळणारी व्यक्ती जास्त कामाची. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला नावं, तारखा, किती फेऱ्या हवं असतं. कॅलेंडरवर केमोच्या तारखांना खूण करू द्यावी. बाराच्या पुढची मुलं मोबाइलवर सगळं शोधून मोकळी झालेली असतात, त्यांना ‘काय वाचलंस?’ असं विचारूनच सुरुवात करावी.

काही शब्द मोठ्यांच्या तोंडात इतके बसलेत की त्यांचं नुकसान लक्षात येत नाही. ‘आई गावाला गेलीय’ म्हटलं की मूल खिडकीत वाट बघत बसतं, आणि पुढे खरंच कुणी गावाला निघालं की रडून आकांत करतं. ‘कायमची झोपली’ म्हटलं की ते रात्री झोपायला घाबरतं. ‘देवाला आवडली म्हणून नेलं’ ऐकलेली मुलगी चांगलं वागायचं बंद करते, आणि तिच्या हिशेबाने ते तर्कशुद्धच असतं. ‘नजर लागली’ म्हटलं की घरातल्या कुणाकडे तरी बोट जातं. देवाघरी गेली असं म्हणायला हरकत नाही, घराची श्रद्धा असते. पण त्याच्या आधी ‘मेली म्हणजे तिचं शरीर काम करायचं थांबलं, ते आता पुन्हा सुरू होत नाही’ हे साध्या शब्दांत आलं पाहिजे.

“तू बरी होशील ना?” या प्रश्नाला ‘हो, नक्की’ म्हणायचा मोह आवरणं कठीण. उपयोगी पडणारं उत्तर असं: “डॉक्टर सगळे प्रयत्न करतायत, मलाही बरं व्हायचंय. काही बदललं तर मी तुला सांगेन. तुझ्यापासून लपवणार नाही.” एवढंच वचन पाळता येण्यासारखं आहे.

शाळेत कुणाला आणि किती सांगायचं

वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक, दोघांनाच. समाजसेवक एक पत्र देतात, त्यात निदानाची वर्णनं नसतात. मुलाची हजेरी अधूनमधून चुकेल, अमुक व्यक्ती न्यायला येईल, वर्गासमोर आजाराविषयी विचारू नये, आणि मूल रडलं तर कुठे बसवावं, एवढंच असतं. उपचारांसाठी कुटुंब महिनोन्महिने मुंबई-पुण्यात अडकणार असेल तर मुलांचं नाव तिथल्या पालिका शाळेत घालावं. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. दुपारचं जेवण शाळेत मिळतं, ही आजारी माणसाच्या घरात फार मोठी सोय.

सही करता येते तोवर

हा भाग कुटुंबं टाळतात. आत्ता हे काढणं म्हणजे अभद्र बोलणं, असं वाटतं. म्हणून अनुभवी समाजसेवक त्याला मृत्यूशी जोडतच नाहीत. ‘तुम्ही महिनाभर भरती असाल तर मुलाच्या शस्त्रक्रियेला संमती कोण देणार?’ असं विचारतात, आणि बोलणं सुरू होतं.

हिंदू कायद्यात आईच्या मागे वडील हेच नैसर्गिक पालक. ते हयात असताना आईने मृत्युपत्रात बहिणीला पालक नेमलं तरी ते चालत नाही, ही गोष्ट अनेकींना फार उशिरा कळते. वडिलांकडे मुलं सुरक्षित नसतील तर १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे आईचं म्हणणं ती असतानाच नोंदलं गेलेलं असणं मोलाचं ठरतं. विधवा आईला मात्र मृत्युपत्राने पालक नेमता येतो. इतर धर्मीयांचे नियम वेगळे, गोव्यात वारशाचा कायदाच वेगळा, म्हणून वकील गाठावा. महिला आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांनी सही होताना पाहिलेलं असावं लागतं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. रुग्ण शुद्धीत आणि समजून सही करतो आहे असं डॉक्टरांचं त्याच तारखेचं प्रमाणपत्र सोबत जोडलं तर पुढची भांडणं कमी होतात. मॉर्फिन चालू असेल तर ते खास घ्यावं.

वारसनोंदीचं, म्हणजे नॉमिनीचं, काम वेगळं. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी या तिन्ही ठिकाणी जाऊन नाव तपासायचं. लग्नाआधी नोकरीला लागलेल्याच्या निधीखात्यावर वडिलांचं नाव असतं, लग्नानंतर ती नोंद नियमाने रद्द होते आणि नवीन कुणी केलेली नसते. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाला नामनिर्देशित केलं तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान माणसाचं नावही द्यावं लागतं, तो रकाना हमखास कोरा असतो. पासबुकात मे-जूनमध्ये ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर तो पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे, त्यात मृत्यूनंतर २ लाख मिळतात. अनेक घरांना आपल्याकडे तो असल्याचंच माहीत नसतं. ३१ मेच्या आधी खात्यात तेवढी शिल्लक ठेवावी, नाहीतर ऐन आजारपणात विमा तुटतो.

आणखी एक साधी गोष्ट: सिमकार्ड. सगळ्या खात्यांचे ओटीपी आजारी माणसाच्या फोनवर येतात. त्या फोनचं कुलूप कुणाला उघडता येतं, हे आधी ठरवावं. नंबर बंद पडू देऊ नये.

मुलांच्या नावाने मिळणारी मदत

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये प्रत्येक मुलामागे मिळतात, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. ही फक्त अनाथांसाठी आहे असा समज पक्का आहे, पण एक पालक गेलेली आणि पालकांना दुर्धर आजार असलेली मुलंही त्यात बसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची मदत महिना ४,००० रुपये आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. दोन्हींची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, तिथल्या बाल संरक्षण कक्षात करायची. बालसंगोपनासाठी आजाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक लागतं. मग घरी येऊन सामाजिक तपासणी होते आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. यात महिने जातात, म्हणून अर्ज आजारपणातच टाकावा. समितीचं नाव ऐकून काही आया घाबरतात, मुलं काढून घेतील असं वाटतं. ही योजनाच मुलाने संस्थेत न जाता घरी राहावं यासाठी आहे, हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावं.

शेवटचे आठवडे

उपचार थांबवून वेदनाशमनाकडे वळायचं ठरलं की मुलांसाठी वेळेचा हिशेब बदलतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आणि पुण्यातलं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७पासून हे काम मोफत करतात. घरी ठेवायचं असेल तर वेदना आटोक्यात असणं ही मुलांच्या दृष्टीने पहिली अट. रात्रभर विव्हळणं ऐकलेलं मूल ते विसरत नाही.

भेटीसाठी रुग्णालयात आणताना आधी मोबाइलवरचा फोटो दाखवावा: ही नळी जेवणाची, ही मशिन टिकटिक करते, आई बोलली नाही तरी ऐकते. यायचं की नाही हे मुलाला ठरवू द्यावं. दहा-पंधरा मिनिटं पुरे, सोबत असा माणूस हवा जो मूल ‘चल’ म्हणालं की लगेच बाहेर नेऊ शकेल. हाताला क्रीम लावण्यासारखं छोटं काम दिलं तर मूल ताठरत नाही. अतिदक्षता विभागात लहान मुलांना सोडत नाहीत, पण समाजसेवकांनी सिस्टर इन्चार्जशी बोलून ठरवली तर बरेचदा एक भेट होते.

आठवणी ठेवायच्या तर मोठमोठी पत्रं लिहायला आजारी माणसाला त्राण नसतं. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचं बोलणं पुरतं: तुझं नाव कुणी ठेवलं, तू जन्मलास त्या दिवशी काय झालं, मला कोणती भाजी आवडायची. ‘डॉक्टर हो’, ‘बाबांना सांभाळ’ अशी ओझी त्यात नकोत. सात वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं. रेकॉर्डिंग एकाच फोनवर ठेवू नये.

अंत्यविधीला मुलांना न्यायचं का, यावर घराघरांत वाद होतात. सरसकट नियम नाही. तिथे काय दिसेल ते आधी सांगितलेलं असेल आणि हात धरायला एक मोठं माणूस असेल तर गेलेली मुलं सहसा बिथरत नाहीत. बिथरतात ती शेजारी कोंडून ठेवलेली.

त्यानंतर

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची आणि दाखल्याच्या दहाएक प्रती एकदमच घ्यायच्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातली १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती गेली तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये तहसीलमधून मिळतात. गेलेली व्यक्ती भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या निवृत्तिवेतन योजनेची सभासद असेल तर जोडीदाराच्या पेन्शनशिवाय दोन मुलांना प्रत्येकी त्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या पंचविशीपर्यंत.

मूल अंथरूण ओलं करायला लागलं, चिकटून राहू लागलं, शाळेत चिडलं, तर पहिले काही आठवडे ते अपेक्षितच आहे. महिने उलटूनही खाणं-झोप सावरत नसेल, शाळा पूर्ण सुटली असेल किंवा ‘मलाही आईकडे जायचंय’ असं वारंवार येत असेल तर समुपदेशक गाठावा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६वर, मराठीत बोलता येतं, मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

एक अडचण व्यवस्थेतच आहे. रुग्ण गेला की रुग्णालयाची फाइल बंद होते आणि समाजसेवकाचा त्या घराशी अधिकृत संबंध संपतो, नेमका जेव्हा मुलांचा प्रश्न सुरू होतो तेव्हा. म्हणून शेवटच्या भरतीतच चोवीस तासांचा तो कागद, बालसंगोपन अर्जाची पोच, शाळेचं पत्र आणि सांभाळणाऱ्या नातेवाइकाचा नंबर असा संच करून त्याची एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि एक घरच्यांकडे द्यावी. कक्षातल्या कोणत्या अधिकाऱ्याने ती घेतली, ते नाव घरच्या प्रतीवर लिहून घ्यावं.